घड उल्टा आहे

माझ्या बालपुस्तकाच्या चित्रांवर पहिला जाहीर अभिप्राय मिळाला तो गोलाणी मार्केटमधल्या एका डीटीपीच्या दुकानात. दिला रावेरकडच्या एका आबांनी. ते नातवाच्या जावळाची पत्रिका छापायला आले होते, माझ्या पुस्तकाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

"काय भो, हा घड कोनं उल्टा टांगेल आहे?"

गोष्ट केळीच्या बागेतल्या खारीची. चित्रकार पुण्याचा, हात उत्तम. पानं ३२, कारण कागद १६ पानांच्या फॉर्मने दुमडतो. तीस पानांत गोष्ट संपवलीत तर दोन कोरी पानं तुम्ही पैसे देऊन छापून घेता. नाव, माहिती, अर्पणपत्रिका यांत चार पानं गेली, उरली २८, म्हणजे १४ जोडपानं. जोडपानाला दोन हजार, निम्मे आगाऊ. या दरासाठी मी तीन दिवस घासाघीस केली आणि त्या तीन दिवसांत त्याला केळीच्या झाडाचा एक फोटो पाठवावा, हे काही सुचलं नाही. जळगावात राहून! इथे गावाबाहेर गाडी पंक्चर झाली तरी समोर केळीची बाग असते. त्या बिचाऱ्याने केळी पाहिलेली हातगाडीवर, फणी पालथी घातलेली. त्याने तीच झाडाला टांगली.

आबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि स्क्रीनला नाक लावलं.

"केळफूल खाली आहे, ते बरोबर. पन केयं वर पाहतात भो, वर! हे तर द्राक्षावानी लोंबून राह्यले."

ऑपरेटरने चित्र मोठं केलं. त्याला कोणी सांगितलं होतं?

"फण्या किती? एक, दोन, तीन. रास किती येईन याची?" रास म्हणजे घडाचं वजन. आमच्याकडे हा प्रश्न पाहुण्याला पाणी दिल्यावर लगेच विचारतात. "पाच किलोबी नाही. व्यापारी बागेत पाय ठेवनार नाही." मग नजर खाली सरकली आणि आबा एकदम गप्प झाले. दुकानातल्या आणखी दोन गिऱ्हाइकांनी माना पुढे काढल्या.

"फांदी?"

केळीला फांदी नसते. तो बुंधासुद्धा खरा बुंधा नव्हे, पानांच्या देठांचे एकात एक गुंडाळलेले थर असतात. त्या नसलेल्या फांदीवर माझी नायिका सात जोडपानं बसली होती. एका पानावर तिने फांदीला झोकाही बांधला होता.

"आबा, लहान पोरांचं पुस्तक आहे," मी म्हणालो.

"मंग पोरांनी तुमचं काय घोडं मारेल आहे?"

रात्री चित्रकाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, रफ तुम्हीच पास केले होते." केले होते. आधी पेन्सिलचे रफ येतात, मग रेषा, मग रंग. रफमध्ये फांदी काढणं म्हणजे खोडरबर. रंग भरल्यावर काढणं म्हणजे मागचं आभाळ, पानं, सावली सगळं पुन्हा रंगवणं. रफ आले तेव्हा मी फक्त खारीचे डोळे गोड आहेत का ते पाहिलं. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या फुकट होत्या. त्या मी शेपटी अजून झुपकेदार करण्यात उडवल्या. आता जोडपानाला पाचशे जादा, सात जोडपानांचे साडेतीन हजार. त्याचं म्हणणं रास्त आहे. तरी राग येतोच.

त्यात खारीच्या पाठीवर पट्टे कुठे तीन, कुठे पाच. पात्राचं समोरून, बाजूने, पाठीमागून असं एक नमुनापान आधी मागून घ्यायचं असतं. ते मी 'वेळ वाचवायला' टाळलं. आठव्या जोडपानावर तिचं नाक नेमकं मधल्या घडीत गेलंय. फायली आल्या त्या व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून, म्हणजे दाबून बारीक झालेल्या. साडेआठ इंचाचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला रुंदीला २५५० पिक्सेल लागतात, शिवाय चारही बाजूंना तीन मिलिमीटर कापायला सोडायचे. डॉक्युमेंट म्हणून पाठव, एवढं एक वाक्य मी लिहिलं नाही.

आणि घरचे? "चित्रांना पैसे कशाला? आपला पिंट्या मोबाईलवर फुकट काढून देतो." कागदवाल्याला, बाइंडरला कोणी असं ऐकवत नाही. चित्र तेवढं हवेतून यावं. मीही घासाघीस करताना त्या मुलाला "तुझंही नाव होईल" म्हणालो होतोच. ते आठवलं की कान तापतात.

दुकानातून निघताना आबांनी दंड धरला. "खार मस्त काढेल आहे पन. आमच्या जावळाच्या पत्रिकेवर टाकून द्या ना. तुमचंच तं आहे चित्र."

इथे मी अडकलो. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात. आमचा करार म्हणजे व्हॉट्सॲपवरचं "ओके सर" आणि एक अंगठा. हे आबांना समजावायला मी तोंड उघडलं, तोवर ऑपरेटरने खार उचलून श्रीगणेशाच्या शेजारी बसवलीसुद्धा.

"फांदी काढ बरं का," आबा त्याला म्हणाले.

त्याने ती दोन मिनिटांत काढली. फुकट.