घरातला गिटारचा टोन आणि मोठ्या अ‍ॅम्पचा आग्रह

गिटार वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मत गेली कित्येक वर्षे फिरत आहे, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाचनात ते कधी ना कधी येतेच. ते थोडक्यात असे आहे: इलेक्ट्रिक गिटारचा खरा टोन, म्हणजे आवाजाचा पोत, घरी रेकॉर्ड होऊ शकत नाही, त्यासाठी मोठा ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) पूर्ण आवाजात वाजवावा लागतो, हातात महागडी गिटार लागते, आणि इंटरफेसला (गिटारचा आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला) थेट जोडून सॉफ्टवेअरमधून काढलेला आवाज कायम पातळ, किरकिरा आणि प्लास्टिकसारखाच राहतो. मी पुण्यात गिटार शिकवतो. हे मत खरे मानून हप्त्यांवर गिटार घेणारी मुले मी पाहिली आहेत, आणि रेकॉर्डिंगचा नाद सोडून दिलेलीही पाहिली आहेत. म्हणून या मताचा एकेक भाग तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

थेट जोडणीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहे. काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने आपले रेकॉर्डिंग ऐकवले. पिकचा तारेवरचा आघात बोथट होता आणि तरीही वर एक चरचर होती, जणू गिटारवर कोणी पातळ पत्रा ठेवला आहे. गिटार बदलायची त्याची तयारी झाली होती. त्याची जोडणी पाहिली तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटला होती, आणि प्लगइनमध्ये (अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अ‍ॅम्प सुरू असला तरी त्यापुढचे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, बंद होते.

तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, आणि त्यामुळे वारंवारता वाढेल तसा त्याचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) वाढत जातो. असा पिकअप १०-२० किलोओमच्या लाइन इनपुटला जोडला, तर आवाजातला वरचा भाग संगणकात पोहोचण्याआधीच दबतो. गिटारसाठी इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेले बटण असते, आणि ते दाबले की इनपुटचा इम्पिडन्स साधारण १ मेगाओम होतो. त्या मुलाने हे बटण न दाबताच बोथटपणा घालवण्यासाठी प्लगइनवरचा ट्रेबल (आवाजाचा वरचा भाग वाढवणारे बटण) शेवटपर्यंत फिरवला होता.

चरचरीचे कारण वेगळे होते. गिटारच्या अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवल्यामुळे, निर्माण होणारी वरची कर्कश किनार हा स्पीकरच गाळून टाकतो, आणि आपण ज्याला गिटारचा टोन म्हणतो तो या गाळणीनंतरचा आवाज असतो. कॅबिनेट बंद ठेवले की ही गाळणी निघून जाते. इम्पल्स रिस्पॉन्स नावाची छोटी फाइल नेमके हेच काम करते: प्रत्यक्ष स्पीकर, त्याच्यासमोरचा मायक्रोफोन आणि त्यांच्यामधले अंतर यांचा मिळून होणारा परिणाम तिच्यात साठवलेला असतो. अशा चांगल्या फाइली विनामूल्य मिळतात. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरसारखे प्रत्यक्ष अ‍ॅम्पची नक्कल करणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरही विनामूल्य आहे. त्या मुलाच्या गिटारवर आम्ही बटण दाबले, ट्रेबल मध्यावर आणला, कॅबिनेट सुरू केले, आणि सेकंदभर तो काहीच बोलला नाही.

थेट जोडणीला कमअस्सल ठरवणाऱ्यांनी इतिहासाकडेही पाहावे. पोलरॉइडमध्ये इंजिनिअर असलेल्या टॉम शोल्झने बॉस्टन या बँडचा १९७६ सालचा पहिला अल्बम बहुतांशी आपल्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला. पुढे १९८२ मध्ये त्याच्याच कंपनीने रॉकमन आणला, जो कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढा हेडफोन अ‍ॅम्प होता. डेफ लेपर्ड या बँडच्या १९८७ सालच्या अल्बमसाठी गिटार रेकॉर्ड करताना रॉकमनचा भरपूर वापर झाला, आणि त्या अल्बमच्या गिटारला कोणी प्लास्टिकचा आवाज म्हणून नाकारलेले मला माहीत नाही. तेव्हाच्या त्या डबीपेक्षा आजच्या साध्या लॅपटॉपवरील प्लगइन अ‍ॅम्पच्या कितीतरी जवळ जाते.

आता मोठ्या अ‍ॅम्पविषयी. १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या अ‍ॅम्पच्या दहापट मोठा ऐकू येतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दहापट शक्ती म्हणजे १० डेसिबलची वाढ, आणि कानाला ती साधारण दुप्पट वाटते. रेकॉर्डिंगमध्ये तर हा आकारही उरत नाही, कारण मायक्रोफोन स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असतो आणि शेवटी ऐकणारा आवाज स्वतःच्या हाताने कमी-जास्त करतो. लेड झेपेलिन या बँडच्या १९६९ सालच्या पहिल्या अल्बमसाठी त्याचा गिटारवादक जिमी पेजने मुख्यतः टेलिकास्टर गिटार आणि छोटा सुप्रो अ‍ॅम्प वापरला होता. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र मंचावरच्या मोठ्या कॅबिनेटच्या भिंतीचेच चित्र उभे राहते.

या मतात खरे काय आहे तेही मान्य केले पाहिजे. मोठ्या आवाजातल्या स्पीकरसमोर गिटार घेऊन उभे राहिले की हवेतला आवाज परत तारांना हलवतो, स्वर लांबतो आणि बोटांना एक प्रतिसाद जाणवतो. हेडफोनवर तो मिळत नाही. ज्याच्या शैलीत फीडबॅक हा वाद्याचाच भाग आहे, त्याला अ‍ॅम्प लागेलच. परंतु ही वाजवणाऱ्याच्या अनुभवाची गोष्ट आहे. ज्या गाण्यात तालाची गिटार, थोडी धून आणि एक लहानसा सोलो आहे, तिथे या अनुभवाअभावी रेकॉर्डिंग पडेल असे म्हणायला आधार नाही.

मोठ्या आवाजाबाबत एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच फसवते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज कमी असताना मानवी कानाला खर्जाकडचा भाग आणि अगदी वरचा भाग तुलनेने कमी ऐकू येतो. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण हळू आवाजात टोन लावतो, भरीवपणा वाटेना म्हणून बेस आणि ट्रेबल दोन्ही वाढवतो, आणि सकाळी तेच मोठ्याने ऐकल्यावर खाली घुमणारा आणि वर टोचणारा आवाज मिळतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की आवडीचे एखादे रेकॉर्डिंग शेजारच्या ट्रॅकवर ठेवायचे, दोन्हींचा आवाज कानाने सारखा करायचा, आणि मगच गिटारचे बटण फिरवायचे. दोन प्लगइनची तुलना करतानाही आवाज सारखाच ठेवावा, कारण जे किंचित मोठे असते तेच आपल्याला चांगले वाटते.

महागड्या गिटारचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याची किंमत घरातले मोठे मोजतात. गंजलेल्या, सहा महिने न बदललेल्या तारा कोणत्याही गिटारवर मंदच वाजतात. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर स्वर अचूक जुळणे) बिघडलेले असेल तर खालच्या फ्रेटवर जुळलेला कॉर्ड बाराव्या फ्रेटकडे बेसूर होतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये ती बेसूरी कालवाकालव होऊन बाहेर येते. ऐकणारा त्यालाच वाईट टोन म्हणतो. सिंगल कॉइल (वेढ्यांची एकच गुंडाळी असलेला) पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो, त्यामुळे पिकअपचा स्क्रू दोन फेरे खाली घेणे हा काही वेळा नव्या पिकअपपेक्षा मोठा बदल ठरतो. नव्या तारा आणि नीट सेटअप यांचा खर्च नव्या गिटारच्या खर्चापुढे नगण्य आहे.

घरातल्या गुणगुणीचा दोषही स्वस्त गिटारच्या माथी मारला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि सिंगल कॉइल पिकअप तिची गुणगुण, म्हणजे हम, उचलतोच. तो टाळण्यासाठीच सेथ लव्हरने १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीत दोन कॉइलचा हमबकर तयार केला. जिथे सिंगल कॉइलच वापरायचा आहे तिथे दिव्याचा डिमर बंद करावा, मॉनिटरपासून दूर बसावे, खुर्ची हळूहळू फिरवून जिथे गुणगुण सर्वांत कमी होते तिथे थांबावे. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केले की अनेकदा निम्मा त्रास तिथेच संपतो.

उरला प्रश्न गिटार ‘पातळ’ वाटण्याचा. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, वाढवला की आवाज भरतो असे वाटते, पण डिस्टॉर्शन आघातांमधला चढउतार दाबून टाकते, आणि एकावर एक थर चढले की पिकचा प्रत्येक ठोका चिखलात रुततो. जेवढा गेन एकटे वाजवताना आवडतो त्यापेक्षा कमी ठेवून तोच भाग दोनदा वाजवावा आणि एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवावा. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असतो, त्याखालचा भाग बेस गिटारसाठी मोकळा सोडावा.

त्या मुलाने आधी एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला होता. तंतोतंत सारख्या दोन प्रती मिळून मध्यभागी एकच गिटार ऐकू येते, रुंदी मिळत नाही. रुंदी येते ती दोन वेळा वाजवताना हाताच्या वेळेत पडणाऱ्या बारीक फरकांमुळे. त्याने नव्या तारा चढवल्या, गेन निम्म्यावर आणला आणि तो भाग पुन्हा दोनदा वाजवला. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि तो हेडफोन लावून वाजवत होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये पाम म्यूट करताना तळहाताची कड तारेवर किती दाबली गेली, तेही ऐकू येते.