हळदीचं दूध आणि मावशीचा डोळा

‘मधुमेहात डोळ्याचा पडदा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे खराब होतो. हळद म्हणजे अँटिऑक्सिडंट. आपल्या सांगलीची हळद रोज रात्री दुधातून घ्या, लेझर आणि इंजेक्शनं टळतील.’ हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर वर्षभरात तीनदा आला. मावशीने तो मनावर घेतला आणि मिरजेतली डोळ्यांची तपासणी आठ महिने पुढे ढकलली. म्हणून लिहितेय.

पहिलं वाक्य खरं आहे, आणि फसगत तिथेच होते. पडद्याच्या पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो. रक्तात साखर वाढली की पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांतून, सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार जास्त सुटतो. हाच तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. साखरेच्या नुकसानीच्या चार वाटा इथूनच फुटतात, असं मधुमेहाचे अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी 2001 साली मांडलं. बारीक रक्तवाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, भिंती झिरपतात, काही वाहिन्या बुजतात. ऑक्सिजनला आसुसलेला पडदा मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात.

पण यातून हळदीपर्यंत उडी कशी मारली? हळदीतलं अँटिऑक्सिडंट, म्हणजे असा मारा थोपवणारं द्रव्य, ते कर्क्युमिन. ते असतं साधारण 3 टक्के, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोचतं. उगवलेली वाहिनी त्याने मागे जात नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण ते मानांकन शेतमालाचं आहे, औषधाचं नाही.

सुपरऑक्साइडची भट्टी पेटते साखरेने, तेव्हा आवरायची साखरच. टाइप 1 मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा पडदा अजून निरोगी होता, त्यांनी साखर काटेकोर सांभाळल्यावर पडद्याच्या आजाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला, हे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात 1993 मध्ये दिसलं. मावशी तर त्या दुधात गूळ घालत होती.

‘दिसतंय नीट, मग तपासायचं कशाला’ हेही त्याच मेसेजात होतं. पडदा बिघडत असताना दुखत नाही, सुरुवातीला नजरही चांगली असते. मावशीला एका सकाळी परातीतल्या पिठात काळे धागे दिसले. तिने पीठ दोनदा चाळलं. धागे पिठात नव्हते, डोळ्यात रक्त उतरलं होतं.

टाइप 2 मधुमेह कळला की लगेच, आणि मग दरवर्षी, थेंब घालून पडदा तपासून घ्या. मावशी आता इंजेक्शनं घेतेय. हळदीचं दूध चालू आहे, गूळ बंद केलाय.