किडे जूनमध्ये, इंटर्नशिप मेमध्ये

जुलै उजाडला की आमच्या विभागामागच्या शेडमध्ये मुळं धुण्याचं काम सुरू होतं. मक्याची झाडं मुळासकट खणून आणायची, पाण्यात भिजत टाकायची, मग पाइपच्या जोरदार धारेनं माती काढायची आणि रूटवर्म नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांनी मूळ किती खाल्लंय ते बघून ० ते ३ मध्ये गुण द्यायचे. मुळांचं एक अख्खं वलय गेलं तर १, तीन गेली तर ३. उन्हाळी इंटर्नशिपला आलेली पोरं पहिल्या दिवशी हौसेनं धुतात. चौथ्या दिवशी त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये १८ वर्षं मी हे चेहरे बघतोय, आणि यातल्याच एखाद्याला पाचव्या दिवशी काहीतरी प्रश्न पडतो, हेही बघतोय.

यंदा जूनच्या सुरुवातीला भाचीचा फोन आला. ती बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"मामा, माझी इंटर्नशिप झाली. सर्टिफिकेटपण आलं."

"कशावर?"

"कीटकशास्त्र. तुझाच विषय. ऑनलाइन होती."

चार आठवडे रोज एक व्हिडिओ, शेवटी वीस फोटो ओळखायचे. फी हिनंच भरलेली. मी विचारलं, एखादा जिवंत किडा पाहिलास का गं? ती हसली. "मामा, मे महिन्यात किडे कुठे असतात?"

तिनं ते गमतीत म्हटलं, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना.

नव्या शैक्षणिक धोरणानं, म्हणजे २०२० च्या, पदवीच्या मुलांना इंटर्नशिप आणि संशोधनाकडे वळवायचं ठरवलं. यूजीसीनं २०२४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका क्रेडिटला ३० तास, असा हिशोब. तेव्हापासून घरच्या आणि जुन्या मित्रांच्या ग्रुपवर वाद चालू आहे. प्राध्यापक मित्र म्हणतात, इतक्या मुलांना घेणार कोण? सर्टिफिकेटांची दुकानं निघणार, निघालीच आहेत. दुसरे म्हणतात, चार भिंतींबाहेर पोरं पडतायत ना, मग पडू द्या. मला दोन्ही पटतं. फक्त या सगळ्या भांडणात महिन्याचं नाव कुणी काढत नाही.

अमेरिकेत हा प्रकार उन्हाळ्यात का होतो ते साधं आहे. नॅशनल सायन्स फाउंडेशननं १९८७ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन-अनुभवाचा कार्यक्रम सुरू केला. एका केंद्रावर साधारण दहा मुलं, साधारण दहा आठवडे, आठवड्याला ७०० डॉलरच्या आसपास विद्यावेतन, वर बहुतेक ठिकाणी राहण्याची सोय. कॉलेजला सुट्टी असते म्हणून जून ते ऑगस्ट. पण कीटकशास्त्राच्या नशिबानं इथले किडेही त्याच महिन्यांत असतात. जानेवारीत जमीन गोठलेली असते, जूनमध्ये शेत वळवळत असतं. विद्यापीठाचं कॅलेंडर आणि किड्यांचं कॅलेंडर इथे आपोआप जुळलंय, त्यात अमेरिकेचं शहाणपण वगैरे काही नाही. आपण मात्र 'समर इंटर्नशिप' हा शब्द उचलला आणि त्याच्याबरोबर 'समर'ही घरी आणला.

हुमणीचंच घ्या, म्हणजे जमिनीत राहून पिकाची मुळं खाणारी अळी. वळवाचा दमदार पाऊस झाला, जमीन भिजली की तिचे भुंगेरे अंधार पडता पडता मातीतून वर येतात, कडुलिंबा-बाभळीवर जाऊन बसतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि उजाडायच्या आत परत मातीत. वर्षाला एकच पिढी. फांद्या हलवून भुंगेरे पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका, हा सल्ला कृषी खातं वर्षानुवर्षं देतंय. पण तो गावानं मिळून, त्या मोजक्या रात्रींतच पाळला तर उपयोग. मादीनं अंडी घातली की पुढचं सगळं जमिनीखाली चालतं आणि आपल्याला कळतं ते ऊस नाहीतर भुईमूग पिवळा पडायला लागल्यावर. कुठल्या पावसानंतर किती दिवसांनी, कुठल्या झाडावर, किती वाजता, किती भुंगेरे आले: एका विद्यार्थ्याच्या एका मोसमाचं काम आहे हे. टॉर्च, बादली आणि वही एवढ्यावर भागतं. पण ३१ मेला इंटर्नशिप संपली, अहवाल जमा झाला की हुमणी पुढच्या वर्षी.

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी तर त्याहून उशिरा. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करा, असा नियम आहे. नियम चांगला आहे, पण त्यासाठी कुणीतरी रोज सकाळी सापळ्यापाशी जाऊन पतंग मोजायला हवेत. न मोजता फवारणी करत राहिलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं बरीच होती, सापळ्यातले पतंग न मोजणं हे त्यांतलं फार तर एक छोटं टोक. तरी रोज सकाळी मोजणं हे काम पदवीच्या मुलांना जमण्याजोगं आहे, आणि इथली मुलं उन्हाळाभर दुसरं काय करतात? तेच.

घरचे लगेच म्हणतील, जूनमध्ये कॉलेज सुरू, पावसाळ्यात मुलांना कुठे पाठवणार? पण पाठवतोच की! बीएस्सी ॲग्रीची मुलं शेवटच्या वर्षी ऐन खरिपात गावांत जातात. 'कृषिकन्यांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक' अशी फोटोसकट बातमी दरवर्षी येते, आणि आपण ती हसून सोडून देतो. त्या मुली चिखलात उभ्या असतात तेव्हा प्राणिशास्त्राची मुलगी वर्गात कीटकाच्या तोंडाच्या अवयवांची आकृती काढत असते. कृषी विद्यापीठं एकीकडे, सामान्य विद्यापीठं दुसरीकडे, आणि मधली भिंत कुणाला दिसतच नाही. आमच्या पिढीनं झुरळ कापलं, त्याच्या अन्ननलिकेला टाचण्या लावल्या. ते विच्छेदन यूजीसीनं पुढे बंद केलं, बरंच झालं. पण मोकळ्या झालेल्या तासांत काय आलं? तक्ते आणि व्हिडिओ.

चार क्रेडिटचे होतात १२० तास. ते मेमध्ये तीन आठवड्यांत कोंबण्याऐवजी जूनच्या मध्यापासून दहा आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला १२ तास. दोन-तीन संध्याकाळी आणि एक रविवार. त्यासाठी कॉलेज बुडवायला लागत नाही. जवळचं एक शेत आणि एस्टीचं भाडं लागतं. ते भाडं मुलांच्या खिशातून जाऊ नये, एवढा माझा हट्ट आहे. इथल्या कार्यक्रमातून एकच गोष्ट उचलायची असेल तर मी ती उचलेन: शिकणाऱ्याला पैसे देतात, त्याच्याकडून घेत नाहीत.

हे सगळं सात समुद्रांपलीकडून सांगणं सोपं आहे, मान्य. इथलंही काही सोन्याचं नाही. दर डिसेंबरला मला आपल्याकडच्या मुलांच्या मेल येतात, सर, उन्हाळ्यात येऊ का? मला लिहावं लागतं की हा सरकारी पैसा फक्त इथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. शिवाय २०२५ मध्ये निधीला कात्री लागली आणि काही केंद्रांनी त्या उन्हाळ्याचे कार्यक्रमच रद्द केले. अर्ज करून बसलेल्या मुलांना वसंतात कळलं की यंदा काही नाही. तेव्हा इकडे येण्याच्या आशेवर आपला विषय बांधू नका, असं मी आता मेलमध्ये सरळ लिहितो, आणि खाली विचारतो: तुमच्याकडे पाऊस कधी सुरू होतो?

जूनच्या मध्यावर भाचीनं एक फोटो पाठवला. टॉर्चच्या उजेडात पानावर बसलेला तपकिरी भुंगेरा. "मामा, हा कोण?"

मी नाव सांगितलं नाही. किती वाजता पाहिलास, झाड कुठलं, पाऊस कधी पडला होता, एवढंच विचारलं.

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: "७:५०. बाभूळ. पाऊस परवा. आणि एक नाहीये रे मामा, मोजत होते, १४० पर्यंत आले आणि टॉर्च गेली."