‘थांबा’ असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार. प्रतिक्रिया जरा चिडून लिहिली आहेत, पण चिडायला कारणही आहे. तुमचं म्हणणं असं: दुसऱ्या भाषेत वाचायला शिकणाऱ्या मुलाला लगेच डिस्लेक्सियाचा (बुद्धी ठीक असूनही लिहिलेले शब्द वाचणं जड जाण्याच्या अडचणीचा) शिक्का मारू नका, या माझ्या सल्ल्याने पालक हातावर हात ठेवून बसतात; दोन वर्षं इंग्रजी शिकूनही मूल अडखळत असेल तर तो डिस्लेक्सियाच; आणि घरीही इंग्रजीच बोललं तर सराव वाढून प्रश्न सुटतो.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. ‘दुसरी भाषा आहे, येईल हळूहळू’ म्हणत खरी अडचण असलेली मुलं मागे पडत जातात. पण मी थांबा म्हटलं नव्हतं. नेमकं अडतंय कुठे ते आधी बघा, म्हटलं होतं. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं: वाचून समजणं म्हणजे लिहिलेला शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. त्यामुळे एक बाजू लंगडी पडली की दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही.

ही दोन मुलं तुमच्या वर्गात असतीलच. एक मुलगा नदीवरचा इंग्रजी उतारा घडाघडा वाचतो, पण ‘कासव कुठे बसलं होतं?’ विचारलं की ‘बँकेत’ म्हणतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पैसे ठेवायची बँकच असते; इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे नदीचा काठही, हे त्याला माहीत नसतं. दुसरीला तोच उतारा आपण वाचून दाखवला तर सगळी उत्तरं बरोबर येतात. स्वतः वाचताना मात्र ती पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकते. परीक्षेत दोघांचे मार्क सारखेच. ‘ब्लिफ’, ‘ट्रोम’ असे निरर्थक शब्द इंग्रजीत लिहून द्या. तो सहज वाचेल, ती अडेल. तपासणीची गरज तिला आहे. त्याला शब्दसंग्रह हवा, गोष्टी ऐकायला हव्यात.

(आणि मराठी मुलाने ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ सारखेच उच्चारले तर ती वाचनातली चूक नव्हे. तरी त्याचे मार्क बिनदिक्कत कापले जातात, याचा मला मनापासून राग आहे.)

आता तुमची दोन वर्षं. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार गप्पा मारण्याइतकी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण धड्यातली भाषा पेलायला ५ ते ७ वर्षं लागतात. म्हणजे मैदानात फाडफाड बोलणारं मूल इतिहासाच्या पानावर अडलं तर त्यात आजार काही नाही. शब्द उलगडण्याचं गणित वेगळं आहे. नीट शिकवलं तर दुसऱ्या भाषेतली मुलं यात पहिल्या काही वर्षांतच बरोबरी गाठतात. तेव्हा दोन वर्षं चांगलं शिकवूनही शब्दच फुटत नसतील, तर तपासणी कराच. इथे मी तुमच्याच बाजूला आहे. तुमची मोजपट्टी निम्म्या प्रश्नालाच लागू पडते, एवढंच.

मूल मराठी वाचत असेल तर तेही ऐका. काना-मात्रा गळतात का, जोडाक्षर आलं की गाडी थांबते का? पहिली-दुसरीत हे चालायचंच. चौथीतही तसंच असेल तर लक्ष द्या. मात्र मराठी सुरळीत आहे म्हणून इंग्रजीतली अडचण खोटी ठरत नाही. वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी १९९९ साली एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली: घरची भाषा इंग्रजी, शाळा जपानी. जपानी वाचन उत्तम, इंग्रजीत डिस्लेक्सिया. इंग्रजीचं स्पेलिंगच तसं आहे. सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली वेगवेगळ्या भाषांतल्या मुलांच्या वाचनाची तुलना केली, तीत पहिल्या वर्षाअखेर फिनिश मुलं ओळखीचे शब्द ९८ टक्के बरोबर वाचत होती आणि इंग्रजी वाचणारी जेमतेम ३४ टक्के. तीही मातृभाषेत!

घरची भाषा बंद करण्याचा सल्ला मात्र साफ चुकीचा. शब्दातला आवाज सुटा करून ऐकणं, यमक ओळखणं, गोष्टीचा धागा धरून ठेवणं ही कौशल्यं एका भाषेतून दुसरीत जातात. आईवडील अडखळत्या इंग्रजीत बोलू लागले की मुलाला ना ही भाषा धड मिळते ना ती.

मदत सुरू करायला रिपोर्टची वाट बघू नका. अक्षर-ध्वनीचा रोजचा थोडा सराव दोन्ही प्रकारच्या मुलांना चालतो, आणि काही आठवड्यांत कोण पुढे सरकतंय ते दिसतं. तुम्ही ज्या मुलाचं उदाहरण दिलंत, त्याची चाचणी कोणत्या भाषेत झाली हे लिहिलेलं नाही. ते कळवा, मग त्याच्याबद्दल बोलू.