‘बाबा गावाला गेलेत’ असं मुलाला सांगू नका

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. ‘घरात कुणी वारलं तर लहान मुलांसाठी पाच सूचना’. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना मरण कळत नाही, त्यामुळे ‘गावाला गेलेत’ किंवा ‘झोपलेत’ असं सांगा. अंत्यदर्शनाला नेऊ नका. त्यांच्यासमोर रडू नका. फोटो आणि वस्तू नजरेआड ठेवा. मुलं दोन-तीन महिन्यांत विसरतात. खाली ‘आपल्या संस्कृतीचा सल्ला, जरूर पुढे पाठवा’. मी बारा वर्षं शाळेत समुपदेशक आहे. पाठवणाऱ्यांनी काळजीपोटीच पाठवलाय हे मला दिसतं, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे परिणाम माझ्यासमोर येऊन बसलेले आहेत.

‘मरण कळत नाही’ हे अर्धवट आहे. मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञ बाईंचा 1948 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी बुडापेस्टमधल्या 3 ते 10 वर्षांच्या 378 मुलांचं मरणाबद्दलचं म्हणणं गोळा केलं. पाचाच्या आतली मुलं मरणाला झोप किंवा प्रवास समजत होती; मेलेला माणूस परत येईल असं त्यांना वाटत होतं. पुढे स्पीस आणि ब्रेंट या संशोधकांनी 1984 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात मुख्य गोष्टी उमगतात: गेलेला परत येत नाही, शरीराचं सगळं काम थांबतं, आणि हे प्रत्येकाला आहे. मग ज्या वयात मूल मरणाला झोप समजतं, त्याच वयात आपण त्याला ‘झोपलेत’ सांगायचं?

पहिलीतली एक मुलगी आठवते. आजोबांना खाली चटईवर ठेवलेलं असताना कुणीतरी तिला म्हणालं, ‘आजोबा झोपलेत, उठवू नको.’ त्यानंतर ती रात्री झोपेना. मध्यरात्री आईला जाग यायची तेव्हा ही उशाशी बसलेली असायची, आईच्या नाकाखाली बोट धरून. श्वास चालू आहे का बघत. दीड महिन्याने आई माझ्याकडे आली. आम्ही त्या मुलीला सांगितलं, ‘आजोबांचं हृदय बंद पडलं. ते झोपले नव्हते. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत.’ ती म्हणाली, ‘म्हणजे झोपेत मरत नाही ना आपण?’ इतके दिवस हा प्रश्न ती एकटीच सांभाळत होती.

‘देवाघरी गेले’ म्हणायला माझी हरकत नाही. ती घराची श्रद्धा आहे. पण आधी शरीराचं खरं सांगा, मग देवाघर. नाहीतर ‘देवाघरून कधी येणार?’ हा प्रश्न येतोच. आणि मुलाने विचारलं नाही तरी एक वाक्य जोडा: ‘हे तुझ्यामुळे झालं नाही.’ आदल्या दिवशी बाबांवर चिडून ‘तू नकोसच मला’ म्हणालेलं मूल ते वाक्य मनात धरून बसतं.

अंत्यदर्शनाचं म्हणाल तर ओढून नेऊ नये, तसं अडवूही नये. विचारावं. नेण्याआधी काय दिसेल ते सांगावं: अंग गार असेल, नाकात कापूस असेल, लोक मोठ्याने रडतील. शेजारी कुणीतरी त्याचंच माणूस हवं, जे मूल कंटाळलं तर त्याला बाहेर घेऊन जाईल. विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या संशोधकांनी अमेरिकेत आई किंवा वडील गेलेल्या 125 मुलांना दोन वर्षं पाहिलं. ज्या मुलांना अंत्यविधीसाठी आधी तयार केलं नव्हतं, त्यांना पुढे जास्त त्रास झाल्याचं त्यांना आढळलं.

‘समोर रडू नका’ यात थोडं तथ्य आहे. आई दिवसचे दिवस उठलीच नाही तर मूल घाबरतं. उरलेला पालक सावरलेला असणं, जेवणखाण-झोप-शाळा वेळेवर असणं, हा मुलाचा सर्वांत मोठा आधार. त्यासाठी आत्याने, शेजारणीने डबा आणून द्यावा, सल्ला नको. पण डोळे पुसून ‘मला बाबांची आठवण आली म्हणून रडले’ म्हणणारी आई मुलाला रडायची परवानगी देते. याउलट दहा वर्षांच्या पोराला ‘आता तूच घरातला कर्ता, रडायचं नाही’ सांगणारे मामा-काका मला दर वर्षी भेटतात. कृपा करून हे बंद करा.

राहिलं विसरणं. मूल तासभर रडतं आणि मग क्रिकेट खेळायला जातं, म्हणून मोठ्यांना वाटतं विसरलं. त्याचं दुःख असंच तुकड्यातुकड्याने चालतं. वॉर्डनच्या अभ्यासात इतर मुलांशी तुलना करता या मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाअखेर जास्त ठळक होत्या. पुढे पाळी आली, दहावीचा निकाल लागला, की तेच जाणं नव्याने कळतं. फोटो लपवला तर मूल एवढंच शिकतं की या घरात बाबांचं नाव काढायचं नसतं. आणि संस्कृतीचं नाव घेताय म्हणून विचारते, आपण कधी विसरायला सांगितलं? वर्षश्राद्ध, पितृपक्षातलं पान, लग्नाआधी भिंतीवरच्या फोटोला नमस्कार, हे सगळं आठवण धरून ठेवण्यासाठीच आहे ना? बाबांचा एखादा शर्ट मुलाच्या कपाटात राहू द्या.

सहा महिने उलटूनही मूल शाळेत जाईना, खेळेना, किंवा मधेच कधीही ‘मलाही बाबांकडे जायचंय’ म्हणू लागलं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

आणि ज्या प्रश्नाला सगळे घाबरतात तो, ‘आई, तूही मरशील?’ ‘नाही रे, काहीतरीच काय’ म्हणून उडवू नका. मी पालकांना हे उत्तर लिहून देते: ‘बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. मी तब्येतीची काळजी घेते. आणि मला काही झालंच, तर मावशी तुला तिच्या घरी नेईल. तिच्याशी माझं बोलणं झालंय.’ मात्र आधी मावशीशी खरंच बोलून घ्या.