डोंगर आधी घ्या, मग विचारा

तुम्ही दुर्बीण बांधायला निघाला आहात? अभिनंदन. गच्चीवरची नव्हे, चांगली ३० मीटर व्यासाच्या आरशाची, ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ नावाची. एवढा आरसा अखंड ओतता येत नाही, ४९२ षटकोनी तुकडे जोडून तो होतो. त्यातले काही तुकडे घासून-पुसून देण्याचं काम भारताच्या वाट्याला आलंय. २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी सुमारे १३०० कोटी मंजूर केले. पुण्याची आयुका ही खगोलसंस्था त्यात आहे, बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आहे, नैनितालची एरीज ही वेधशाळा आहे. तेव्हा हा सल्ला परक्यांसाठी आहे असं समजून पान उलटू नका.

आधी जागा बघा. उंच हवी, कोरडी हवी आणि शक्यतो कुणाच्या तरी देवाची हवी. देव आणि खगोलशास्त्रज्ञ यांची जागेची आवड कमालीची जुळते. तुमच्या या दुर्बिणीसाठी निवडलेला हवाईतला मौना केआ घ्या. उंची ४२०० मीटर, ढग पायाखाली, हवा स्थिर. तिथल्या मूळ हवाईयन लोकांसाठी तो आकाशपिता वाकेआचा डोंगर आहे. पोलिआहू ही बर्फाची देवी तिथं राहते. वर वाइआऊ नावाचं तळं आहे आणि बाळाची नाळ तिथं नेऊन ठेवायची काही घराण्यांची रीत आहे. ‘इथं आमची नाळ पुरलीये’ असं आपल्याकडे कुणी म्हणालं की आपले डोळे पाणावतात. तिथं कुणी म्हणालं, तर त्याला ‘भावनिक मुद्दा’ म्हणायचं आणि पुढच्या स्लाइडवर जायचं.

सातबाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. १८९३ मध्ये तिथल्या राणीला गोऱ्या व्यापाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांच्या साक्षीने गादीवरून उतरवलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेला जोडली गेली आणि राजघराण्याच्या जमिनीही त्याच ओघात गेल्या. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने याबद्दल रीतसर माफी मागितली. हे शिकण्यासारखं आहे. माफी जरूर मागावी, शंभर वर्षांनी मागितली तर फारच शोभते, आणि तिच्यासोबत जमीन परत द्यावी लागत नाही.

भाडेपट्टा लांबलचक करा. मौना केआचा माथा १९६८ मध्ये हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांसाठी मिळाला, भाडं नाममात्र १ डॉलर. मग एकेक करत तिथं १३ दुर्बिणी उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी म्हटलं की डोंगराच्या निसर्गाकडे आणि वारशाकडे दुर्लक्ष झालंय. घाबरू नका. अशा अहवालावर ‘व्यवस्थापन आराखडा’ नावाचा दुसरा जाड अहवाल ठेवला की पहिला खाली दबतो.

आता मुख्य विषय, लोकांना विचारणं. काही जण म्हणतात, विचारूच नये. हा अडाणीपणा झाला. विचारायचं, अगदी अगत्याने विचारायचं, चहा-बिस्किटं ठेवून विचारायचं, फक्त निर्णय झाल्यावर. मुलगी बघण्याचा कार्यक्रम लग्नाच्या पंगतीनंतर ठेवला तर नकाराची भीती नसते. मौना केआवर २०११ मध्ये राज्याच्या जमीन मंडळाने आधी या दुर्बिणीच्या परवानगीचा ठराव केला आणि हरकतींची सुनावणी नंतर घेतली. २०१५ च्या डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली आणि म्हटलं, तुम्ही गाडी घोड्याच्या पुढे जोडली. आपण याला वरातीमागून घोडं म्हणतो. पण खचू नका. सुनावणी पुन्हा घ्या, उत्तर तेच येतं. २०१७ मध्ये परवानगी पुन्हा मिळाली आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ती उचलून धरली.

विरोधकांना ‘विज्ञानविरोधी’ म्हणा. हे हमखास चालतं. मात्र त्यांना इतिहास उगाळू देऊ नका. नाहीतर ते सांगतील की १८७४ मध्ये शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचं सरकणं, बघायला ब्रिटिश मोहीम आली तेव्हा त्यांच्या राजा कालाकाउआने तिचं स्वागत केलं होतं. किंवा सांगतील की १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ नावाची नौका नकाशा-होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आधारावर हवाईहून ताहितीला पोचली. होकुलेआ म्हणजे आपला स्वातीचा तारा. ज्यांच्या नावेचंच नाव स्वाती आहे त्यांना तुम्ही आकाशाचं महत्त्व समजावणार आहात, तेव्हा आवाजात थोडी करुणा ठेवा.

शिष्यवृत्त्या वाटा. स्थानिक शिक्षणासाठी दरसाल १० लाख डॉलरचा निधी या प्रकल्पाने २०१४ पासून दिलाच आहे. (पैसे चांगल्या कामाला गेले, याबद्दल मी थट्टा करणार नाही.) भाषेचाही मान राखा. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र १० एप्रिल २०१९ ला जगापुढे आलं. मौना केआवरच्या दोन दुर्बिणींचा त्यात हात होता, म्हणून त्याला ‘पोवेही’ हे हवाईयन नाव सुचवलं गेलं. छान कौतुक झालं. त्याच वर्षी जुलैत दुर्बिणीची यंत्रं वर चढू नयेत म्हणून तिथले कुपुना, म्हणजे घरातली जाणती म्हातारी माणसं, रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली. १७ जुलैला तिसाहून अधिक आजी-आजोबांना अटक झाली. काही तर चाकाच्या खुर्चीत. कृष्णविवराला नाव द्यायला त्यांची भाषा चालते, रस्ता अडवायला त्यांचे गुडघे चालत नाहीत.

नावावरून आठवलं. अमेरिकेतल्या अॅरिझोनात माउंट ग्रॅहम हा तिथल्या मूळ रहिवासी अपाचे लोकांचा पवित्र डोंगर आहे. तिथं बांधायच्या महादुर्बिणीचं नाव आधी काय ठेवलं होतं, ठाऊक आहे? कोलंबस. यावर मी काय लिहिणार!

काही अवलक्षणी उदाहरणं मात्र टाळा. पश्चिम ऑस्ट्रेलियात एसकेए (स्क्वेअर किलोमीटर अॅरे) ही रेडिओ दुर्बीण उभी राहतेय. भारत तिच्यातही भागीदार आहे, पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोल संस्थेच्या पुढाकाराने. तिथं वजारी यामाजी या मूळ रहिवासी लोकांशी २०२२ मध्ये जमीन वापराचा करार झाला आणि मग बांधकाम. वारशाच्या जागा शोधत माणसं रान पायी फिरली. वेधशाळेला त्यांच्याच भाषेतलं नाव मिळालं, अर्थ आकाश आणि तारे वाटून घेणं. अशाने लोकांना विचारून घ्यायची सवय लागते हो.

मौना केआवरही हवा बिघडलीच आहे. २०२२ च्या कायद्याने डोंगर हळूहळू एका नव्या प्राधिकरणाकडे जातोय आणि त्यात परंपरा पाळणाऱ्यांना मताचा अधिकार आहे. दोन जुन्या दुर्बिणी उतरवल्यासुद्धा. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात दुसरीच महादुर्बीण पुढे काढली आणि तुमची मागे ठेवली. स्पेनने ला पाल्मा बेटावर या म्हणत ४० कोटी युरो पुढे केलेत. म्हणजे २००९ मध्ये निवडलेल्या जागेवर तुमची अजून एक वीट नाही आणि ४९२ तुकड्यांचं घासकाम चालू आहे.

तेवढी एक पावती मात्र सांभाळून ठेवा, त्या १ डॉलरच्या भाड्याची. भाडेपट्टा २०३३ ला संपतोय आणि या खेपेला समोरचा माणूस आधी विचारणार आहे.