खुलासा : लॅप टाइम म्हणजे हँडलिंग नव्हे

‘जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर जिची फेरी कमी वेळात, तिचीच हँडलिंग सरस’ असे सांगत स्पोर्ट्स कारच्या वेळांचा जो तक्ता सध्या फिरत आहे, त्यातून तसा निष्कर्ष निघत नाही.

मुळात त्या तक्त्यातील वेळा एकाच अंतराच्या असतीलच असे नाही. पूर्वी २०.६ किलोमीटरची वेळ दिली जात असे. २०१९ पासून अधिकृत नोंद २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीची होते. पोर्श ९११ जीटी२ आरएसने २०२१ मध्ये मान्थाय कंपनीच्या सुधारित भागांच्या किटसह केलेल्या एकाच फेरीच्या वेळा ६ मिनिटे ३८.८३५ सेकंद (२०.६ किलोमीटर) आणि ६ मिनिटे ४३.३०० सेकंद (पूर्ण फेरी) अशा दोन आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

शिवाय फेरीच्या वेळेत इंजिनाची ताकद, टायर, गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर आणि चालकाचे कसब हे सारे मिसळलेले असते. हँडलिंग म्हणजे स्टिअरिंग वळवताच पुढची चाके किती नेमकेपणाने ऐकतात, वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर सोडल्यास मागची बाजू कशी वागते आणि पकड सुटण्यापूर्वी चालकाला सूचना मिळते की नाही. २०१२ मध्ये आलेली टोयोटा जीटी८६ तर मुद्दाम अरुंद, २१५ मिलिमीटरच्या टायरवर उभी होती. वेगात ती मागेच, पण हँडलिंगसाठी तिची वाखाणणी झाली.

तुलना करायचीच तर चालक, दिवस आणि रस्ता एकच ठेवून, शक्यतो सारख्या प्रतीच्या टायरवर करावी. सेकंदांचा तक्ता त्यानंतर पाहावा.